स्पासचा कागद रोज येतो

मित्रांनो, आमच्या गावात मला भुताटकीचं खोकं म्हणतात. म्हणोत बापडे. मी एक जुना संगणक आहे, माझा मूळचा पांढरा रंग आता पार पिवळा पडलाय, आणि मी आयुष्यात एकही भूत पाहिलेलं नाही. पण एक गोष्ट मात्र खरी. एका वर्षी चेरी पिकल्या तेव्हापासून ते पार शरद लागेपर्यंत, गावातली मेलेली माणसं रोज सकाळी माझ्या दारात रांग लावून उभी राहायची. तीच माणसं, त्याच क्रमाने. ती का येतात ते तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळलंय, म्हणून सांगायला बसलोय.

माझा जन्म प्लोव्दिव शहरातल्या एका गॅरेजमध्ये झाला. दोन भावांनी सुटे भाग आणून, एकमेकांना शिव्या घालत, माझे स्क्रू पिळले. तिथून मी बाल्कन डोंगराच्या पायथ्याशी या गावात आलो, लाल मिरच्या आणि टोमॅटो बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यात. काय थाट होता तेव्हा माझा! कचेरीतल्या बायका माझ्यावर विणलेला रुमाल टाकायच्या. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा कधी चुकत नाही." पुढे कारखाना बंद पडला. तरणीताठी माणसं जर्मनीला, स्पेनला निघून गेली. मला एका ढकलगाडीत घालून वेलिच्काबाईने आपल्या दुकानात नेलं.

वेलिच्काचं दुकान बसथांब्याच्या अगदी समोर होतं. मेणबत्त्या, फुलं आणि दुखवट्याचे कागद, एवढाच तिचा व्यवहार. हे कागद तुमच्याकडे नसतात, म्हणून सांगतो. बल्गेरियात कुणी गेलं की त्याचा फोटो, नाव आणि दोन दुःखाच्या ओळी असा कागद काळ्या चौकटीत छापतात आणि घराच्या दारावर, फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. एकदा लावून भागत नाही. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा, आणि घरच्यांना आठवण राहील तोवर दरवर्षी. मजकूर बहुतेक तोच असतो. लोक जुनाच मेल पुढे ढकलतात आणि खाली लिहितात, "गेल्या वेळसारखंच." आमच्या गावात माणूस बसमधून उतरला की आधी खांब वाचतो, मग घरी जातो.

कागद छापायला सांगणारी बहुतेक मंडळी परदेशात, त्यामुळे सगळं काम मेलवर चालायचं. माझ्यात मेल आणणारी एक व्यवस्था होती. ती रोज सकाळी दूरच्या टपालघराशी, म्हणजे मेल साठवणाऱ्या एका मोठ्या संगणकाशी, बोलायची, नवीन काय ते घेऊन यायची, मग नीट निरोप घ्यायची आणि काय काय आणलं त्याची खूण स्वतःपाशी करून ठेवायची. वेलिच्काला काही हरवायची भारी धास्ती. म्हणून तिने सांगून ठेवलं होतं, पत्र आणलं तरी त्याची प्रत टपालघरात राहू द्यायची. सगळी जुनी पत्रं तिथे पडून होती. पण खूण केलेली असल्यामुळे ती पुन्हा येत नसत.

त्या जुन्या पत्रांत एक ओर्लिनचं होतं. ओर्लिन म्हणजे वरच्या गल्लीतल्या दाफिनाआजीचा एकुलता एक मुलगा. तो स्पेनमध्ये वालेन्सियाला संत्र्यांच्या बागेत कामाला होता. त्याचे वडील, स्पास, एका हिवाळ्यात वारले तेव्हा तोडणीचे दिवस होते, मालकाने सोडलं नाही, आणि ओर्लिन मातीला पोचला नाही. त्याऐवजी त्याने माझ्याकडे मेल पाठवला. कागदावर खाली लिहिलं होतं, 'दुःखी मुलगा ओर्लिन, पत्नी दाफिना.' आजीने तो दारावरून टराटरा फाडला. भर चौकात ओरडली, "कागदावर पहिला! आणि खड्ड्यापाशी कुठे होता?" सहा महिन्यांचा कागदही तिने फाडला. वर्षाचाही फाडला. फोन आला की आपटायची. मग ओर्लिनचे मेल थांबले, आणि वर्षं गेली.

आता त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे चेरी पिकतात तेव्हा पितरांचा एक शनिवार येतो. लोक थडग्यांवर चेरी ठेवतात, साखर घातलेला उकडलेला गहू वाटतात. त्या आठवड्यात कागदांची झुंबड असतेच. म्हणून एका सकाळी मी ढीगभर मेल ठळक अक्षरांत समोर ठेवले तेव्हा वेलिच्का नुसती खूश झाली.

"अरे वा," ती मला म्हणाली, "यंदा लोकांना आपल्या माणसांची फारच आठवण आली रे!"

तिने तारखा बघितल्या नाहीत. आमच्याकडे कोण बघतं? मजकूर तोच असतो म्हटल्यावर तिने धडाधड छापले आणि शुक्रवारी गावभर फिरून चिकटवले. शनिवारी सकाळी गाव जागं झालं आणि सगळ्यांची बोबडी वळली. ज्या घरांना कित्येक वर्षं कुलूप होतं, ज्यांच्या अंगणात कमरेएवढं गवत माजलं होतं, त्यांच्या दारांवर ताजे, ओल्या खळीचे कागद. खालच्या गल्लीत तर जिवंत माणूस एकही नाही, आणि प्रत्येक दारातून एक मेलेला चेहरा बघतोय. बायकांनी छातीवर क्रूस काढले. कुणी म्हणालं, मागे कुणी उरलं नाही म्हणून मेलेल्यांनी आपापले कागद स्वतःच लावले.

गेंचो आजोबा तर काठी आपटत दुकानात आले. त्यांची पहिली बायको जाऊन बराच काळ लोटला होता आणि त्यांनी नुकतीच दुसरी सोबतीण घरात आणली होती.

"पोरी, तुला कुणी सांगितलं माझ्या रादाचा कागद लावायला?"

"तुमचाच मेल आला की, आजोबा."

"माझा? मला मेल करता येतो होय? तो माझ्या पुतण्याने केला होता, आणि तो पुतण्या आता मेलाय! घरातलीने कागद बघितला आणि माझी गादी अंगणात फेकली. म्हणते, झोप तिच्याच शेजारी!"

त्याच सकाळी दाफिनाआजीही आली. तिच्या मुठीत कागदाचे तुकडे होते. तिने ते माझ्यासमोर टेबलावर टाकले.

"वेलिच्के, हे काय?"

"स्पासकाकांचा कागद, मावशी. ओर्लिनचा मेल आला, मी छापला."

"दारावरचा फाडला. खांबावरचाही फाडला. पुन्हा लावलास तर तुझ्या तोंडावर चिकटवीन, सांगून ठेवते."

आणि ती चेरीची टोपली घेऊन दफनभूमीकडे गेली. वेलिच्काही दुकानाचं दार ओढून गेली, सगळं गाव गेलं. मी एकटा राहिलो. माझं तोंड काचेकडे असल्याने बसथांबा मला दिसायचा. दुपारी बस आली आणि एक माणूस उतरला. रापलेला, खांद्यावर पिशवी. त्याने खांब वाचला, वरच्या गल्लीत गेला आणि थोड्या वेळाने परत आला. मग बाकावर बसून राहिला, कोपर गुडघ्यांवर टेकून. परतीची बस आली, तो चढला आणि गेला. मला वाटलं, कुणी वाट चुकलेला असेल. मी त्याचा चेहरा ओळखणार कसा? मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपालघराशी बोललो आणि सगळे मेलेले पुन्हा घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेलिच्काने सगळे पुसले, मी सगळे आणले. तिने मला शिव्या दिल्या, माझी तार ओढली, पुन्हा लावली, माझ्यावर पवित्र पाणीसुद्धा शिंपडलं. ते आत गेलं असतं तर मी तिथेच संपलो असतो. मित्रांनो, मी आज्ञाधारक यंत्र. मला सांगितलंय, नवीन ते आण. माझ्यापाशी खूणच नव्हती, मग मला सगळंच नवीन. माझ्या बाजूने माझं काही चुकत नव्हतं, आणि तेच तर सगळ्यात वाईट होतं. रादा यायची, स्पास यायचा, बुडून गेलेला एक शाळकरी मुलगा यायचा, रांगेने. वेलिच्का त्या मुलाचा फोटो आला की मान फिरवायची.

आता तिला कळून चुकलं होतं की हा बिघाड आहे. फोनवर विचारल्याशिवाय ती काही छापेना, आणि लोकही मेल सोडून फोनवरच कागद सांगू लागले. अशात एकदा दाफिनाआजी मेणबत्ती घ्यायला आली, तेव्हा वेलिच्का वैतागून माझ्यावरच ओरडत होती.

"आज पुन्हा आलास? काल आलास ते काय कमी होतं?"

"कोण आलं?" आजीने विचारलं.

"हेच हो, मेल. स्पासकाकांचा कागदसुद्धा. रोज सकाळी."

आजीने मेणबत्ती खाली ठेवली. "ओर्लिनचा? रोज?"

"रोज."

"मी फाडला, हे त्याला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

"आणि तरी रोज पाठवतो?"

वेलिच्काने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की मावशी, गेंचोची रादाही रोज येते, सगळेच येतात. पण समोर आजीचा चेहरा होता. तो चेहरा मीही पाहिला. जणू कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिचं दार वाजवलं होतं.

"हो," वेलिच्का म्हणाली. "रोज पाठवतो."

"हट्टी मेला. बापावर गेलाय," आजी म्हणाली आणि रुमालाने नाक पुसलं. "छाप एक. मी लावीन."

तिने तो कागद स्वतःच्या हाताने दारावर लावला. पावसाने भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिक ठोकलं. आणि त्या दिवसापासून ती रोज सकाळी दुकानात येऊ लागली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची.

"आला?"

"आला, मावशी."

तेवढं ऐकून ती उठायची. कधी वेलिच्कासाठी गरम बानित्सा आणायची, चीज घातलेली, पदरापदराची. कधी रुमालाने माझा पडदा पुसायची आणि हळूच मला म्हणायची, "जेवलास का रे? तिकडे स्वयंपाक कोण करतं?" मी काय बोलणार? मी फक्त घरघरायचो. तेव्हा मला वाटायचं, आपण बरं काम करतोय. खरं सांगतो, कारखान्यात साहेबांनी पाठ थोपटली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

उन्हाळा गेला. गावात आता खरे कागद कमी आणि संशय जास्त झाला. कुणी वारलं तरी लोक विचारायचे, नक्की ना, की वेलिच्काचं खोकं बोलतंय? शेवटी तिने इस्क्राला बोलावलं. इस्क्रा शाळेत संगणक शिकवायची. ओठात न पेटवलेली सिगारेट, बोलणं फटकळ. तिने माझी तार बदलली, माझ्यातली मेलची व्यवस्था काढून नवी घातली, मला विषाणू झालाय म्हणून दिवसभर तपासलं. मी दुसऱ्या दिवशी सगळे मेलेले पुन्हा आणले, आणि नव्या व्यवस्थेला तर खूण म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

"ताई, याला विका," इस्क्रा म्हणाली.

"भुताटकीचं म्हणून कोण घेईल गं?"

शरद लागल्यावर इस्क्रा पुन्हा आली. त्या सकाळी दाफिनाआजी खुर्चीवर होती. मांडीवर बानित्साचं ताट.

"आला?" आजीने विचारलं.

"काय आला?" इस्क्रा माझ्याकडे बघत म्हणाली.

"माझ्या ओर्लिनचा मेल. रोज पाठवतो तो."

वेलिच्का मागून हात हलवत होती, डोळे मोठे करत होती. पण इस्क्राची पाठ तिच्याकडे.

"रोज कुठला पाठवतो, मावशी? हा जुनाच आहे. ही बघा तारीख. कित्येक वर्षांपूर्वीचा. यंत्र तोतरं झालंय, तेच तेच आणतंय. तुमच्या मुलाने काही पाठवलेलं नाही."

आजीने ताट टेबलावर ठेवलं आणि वेलिच्काकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

वेलिच्काने मान खाली घातली.

"तुला ठाऊक होतं, आणि मी तुझ्यासाठी बानित्सा आणत होते."

ती उठली आणि गेली. वेलिच्का ढसाढसा रडायला लागली. म्हणाली, मी काय वाईट केलं गं, म्हातारी हसत होती एवढंच. इस्क्रा चिडली होती, वेलिच्कावर नाही, माझ्यावर. "आज याचा सोक्षमोक्ष लावते," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

या वेळी तिने मला बाजूला ठेवलं. माझ्या व्यवस्थेला न विचारता ती दुसऱ्या वाटेने थेट टपालघरात डोकावली, आणि तिथे रांगेत शेवटी काय आहे ते बघितलं. शेवटी एक पत्र होतं जे मी कधीच आणलं नव्हतं. त्याला एक फोटो जोडला होता, इतका अवजड की आमच्या गावच्या नेटला पेलवेना. मी रोज सगळी जुनी पत्रं आणत आणत त्याच्यापर्यंत पोचायचो, त्याला उचलायला जायचो आणि धापा टाकत कोसळायचो. निरोप घेता यायचा नाही. निरोप नाही म्हणून नवी खूण नाही, आणि कोसळताना जुन्या खुणाही पुसल्या जायच्या. खूण नाही म्हणून उद्या पुन्हा पहिल्यापासून. सगळे मेलेले परत परत येत होते, कारण त्यांच्यामागे कुणीतरी दारात अडकून पडलं होतं.

"हा काढून टाकला की झालं," इस्क्रा म्हणाली. मग तिने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि तिची सिगारेट ओठातून पडली. "ताई, इकडे या."

ते ओर्लिनचं होतं. चेरीच्या आठवड्यातलं. इस्क्राने मोठ्याने वाचलं.

"वेलिच्काताई, बाबांचा हा फोटो माझ्या सामानात सापडला. आम्ही दोघं अंगणातल्या चेरीवर चढलो होतो तेव्हाचा. त्याचा कागद करा आणि आमच्या दारावर लावा. फोन केला तर आई आपटेल, म्हणून तिला काही सांगू नका. पितरांच्या शनिवारी मी दुपारच्या बसने येतोय. तिने कागद राहू दिलेला दिसला तर मी दार वाजवेन. फाडलेला दिसला तर समजेन, आणि त्याच बसने परत जाईन."

आणि मला तो माणूस आठवला, पिशवीवाला, बाकावर कोपर टेकून बसलेला. मला ओरडावंसं वाटलं, अरे तो आला होता, मी पाहिला त्याला! पण माझ्यापाशी घरघरीशिवाय काय आहे? इतकी असहाय जात दुसरी नसेल, मित्रांनो.

"सांगायचं नाही," इस्क्रा म्हणाली. "मरेल ती."

"एकदा नाही सांगितलं, काय झालं बघितलंस ना," वेलिच्का म्हणाली आणि दुकान उघडं टाकून वरच्या गल्लीत धावली.

आजी आली. तिने खुर्ची नको म्हटलं. इस्क्राने पत्र पुन्हा वाचलं, या वेळी हळू आवाजात.

"त्याच सकाळी फाडला होता मी," आजी म्हणाली. "कोपरे तेवढे दाराला चिकटून राहिले होते. ते निघेनात. म्हणजे तो दारापर्यंत आला होता. मी तिकडे त्याच्या बापाला चेरी वाहत होते, आणि हा माझ्या दारात उभा होता." मग ती एकदम ओरडली, "लिही! लिही त्याला, कागद लावलाय! दार उघडं आहे म्हणून लिही!"

इस्क्राने लिहिलं. मी पाठवलं. मग तिने तो फोटो वेगळा काढून घेतला, अडकलेलं पत्र मोकळं केलं, आणि मला पुन्हा खुणा करता येऊ लागल्या.

दुसऱ्या सकाळी एकही मेलेला आला नाही. गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. गेंचो आजोबांची गादी घरात परत गेली. पण दाफिनाआजी येऊन खुर्चीवर बसली.

"आला?"

"नाही, मावशी."

दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. मी बरा झालो होतो आणि रोज सकाळी टपालघराशी बोलून रिकाम्या हाताने परत येत होतो. मला मनापासून वाटायचं, तो जुना मेल एकदा तरी पुन्हा आणता यावा. पण खूण केलेलं पत्र मला उचलता येत नाही.

पानं गळली. हिवाळ्याच्या तोंडावर पितरांचा आणखी एक शनिवार असतो, तो जवळ आला. आजी म्हणाली, "वेलिच्के, एक कागद छाप."

"स्पासकाकांचा?"

"ओर्लिनचा."

वेलिच्काने क्रूस काढला. "मावशी! अभद्र काय बोलता!"

"अभद्र कसलं? मेलेल्यांना रोज कागद लावता, जिवंताला एक लावला तर काय बिघडलं? तो मेल वाचत नसेल. पण कधी बसमधून उतरलाच, तर खांब वाचेल. याच गावचा आहे तो."

"पण माझ्याकडे चौकट एकच आहे हो. काळी."

"असू दे काळी."

चेरीच्या झाडावरच्या फोटोतला ओर्लिन इस्क्राने कापून घेतला. दात दाखवून हसणारा, पोरगेला. मी छापला. खाली आजीने सांगितलं तेच, शब्दाला शब्द. 'ओर्लिन स्पासोव. कागद मी फाडला होता. आता फाडणार नाही. दार उघडं आहे. आई.'

आता आमच्या गावाची सवय बघा. काळी चौकट आणि नाव दिसलं की लोक पुढचं वाचतच नाहीत. पुढे काय लिहिलेलं असतं ते सगळ्यांना पाठ असतं. शनिवारी सकाळी गेंचो आजोबा खांबापाशी आले, टोपी काढली आणि हंबरडा फोडला, "स्पासचा पोरगा गेला गं! परक्या मुलखात गेला!" तासाभरात गावभर झालं. बायका काळे रुमाल बांधून, मेणबत्त्या आणि गव्हाची ताटं घेऊन वरच्या गल्लीत निघाल्या. वेलिच्का त्यांच्यामागे धावत सांगत होती, अहो वाचा तरी, वाचा! पण या दुकानाच्या सांगण्यावर आता कुणाचा विश्वास होता?

दुपारी बस आली. पिशवीवाला उतरला.

त्याने खांबाकडे पाहिलं, नेहमी पाहतात तसं. आणि तो जागीच थिजला. काळ्या चौकटीतून तो स्वतःच स्वतःकडे बघून हसत होता. बाकावर गेंचो आजोबा बसले होते. त्यांनी आधी कागद पाहिला, मग माणूस पाहिला, आणि त्यांच्या हातची काठी खाली पडली.

ओर्लिनने कागद वाचला. तो वाचणारा पहिलाच. मग त्याने हात वर केला आणि एका कोपऱ्यापासून कागद सोलायला लागला. आमच्याकडे कागद काढणं म्हणजे काय, ते आतापर्यंत तुम्हालाही कळलंय. बस सुरूच होती. चालकाने हाक मारली, "ए, बसतोस का? निघू?"

ओर्लिनने कागद अख्खा सोलून काढला, जराही फाटू न देता, घडी करून कोटाच्या आत ठेवला आणि सरळ आमच्या दुकानात आला. बस निघून गेली.

"ताई, हा कुणी लावला?"

"तुझ्या आईने."

"मी मेल वाचला होता. उत्तर काय लिहावं ते सुचेना. म्हणून आलो." त्याने कोटाच्या आतला कागद चाचपला. "पण काळी चौकट कशाला? मी जिवंत आहे की गेलो?"

"मला काय विचारतोस?" वेलिच्का रडत हसत म्हणाली. "घरी जा आणि तिलाच विचार. आणि जपून जा रे, आत सगळं गाव तुला रडतंय!"

पुढचं मी पाहिलं नाही, वेलिच्काने इस्क्राला माझ्यासमोर सांगितलं. थंडी मी म्हणत होती आणि आजीचं दार सताड उघडं होतं. आत बायका ओळीने बसून विलाप करत होत्या. आजी मधोमध बसली होती. ती कुणालाच थांबवत नव्हती. म्हणाली होती म्हणे, रडा गं, इतकी वर्षं मी एकटीच रडले. ओर्लिन उंबऱ्यात उभा राहिला. एक बाई किंचाळली, दुसरीच्या हातचं गव्हाचं ताट पडलं, दोघी-तिघी कोपऱ्यात दडल्या. आजी जागची हलली नाही. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वाचलास?"

"वाचला, आई."

"मग आत ये आणि दार लाव. गारठा येतोय."

मित्रांनो, आता मी दुकानाच्या मागच्या खोलीत असतो, मेणबत्त्यांच्या खोक्यांमध्ये. पुढे नवीन, चपळ यंत्र बसलंय. त्याला कितीही अवजड फोटो पेलतो. माझ्यावर धूळ आहे, आणि कुणी ती रुमालाने पुसत नाही. तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र, किंवा एखादं म्हातारं माणूस, तेच तेच पुन्हा सांगायला लागलं तर त्याच्यावर खेकसू नका, त्याची तार ओढू नका. जरा थांबा आणि त्या सगळ्या जुन्याच्या मागे कोण अडकलंय ते जाऊन बघा. आणि बघायला हिवाळा येईपर्यंत थांबू नका.